राउटरची वही

आमचे घरमालक कुणाला आधी नाव विचारत नसत, गाव विचारत. गॅसवाला दारात उभा, खांद्यावर सिलिंडर, अंगातून घामाच्या धारा, आणि हे उंबऱ्यात आडवे उभे राहून विचारणार, "मूळ गाव?"

"घोटी."

"घोटीच, की आसपास?"

"आसपास. काका, सिलिंडर उतरवू का आधी?"

तेव्हा कुठे ते बाजूला होत. पण वाडीचं नाव आणि आजोबांचं नाव काढून घेतल्याशिवाय त्याला काही जाऊ दिलं नाही. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्यांनी त्याच्या आजोबांच्या नावानं चौकशी केली, आणि तो एवढा खूश झाला की आमचा सिलिंडर न सांगता दुसऱ्या मजल्यावर चढवून गेला. मला मात्र सुरुवातीला या सवयीचा भारी वैताग यायचा. माणूस काम घेऊन आलाय, त्याला काम करू द्या की!

ते तीर्थोपाध्याय होते. नाशिकला पंचवटीत, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, पाच मिनिटांवर त्यांचं घर. घर म्हणजे जुनंपुरं काही नव्हे, त्यांनीच बांधलेली तीन मजली सिमेंटची इमारत, जिन्याला चकचकीत टाइल्स. तळमजल्यावर यात्रेकरूंची उतरायची सोय, पहिल्या मजल्यावर ते आणि काकू, आणि दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं मी आणि माझे वडील, आप्पा. पहिल्या मजल्यावरच वह्यांची खोली होती. भिंतीला लागून आठ लोखंडी कपाटं, आणि त्यांत लाल फडक्यांत बांधलेल्या लांबट वह्या. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांची घराणी त्यांच्याकडे होती. कुणी श्राद्धाला, अस्थी विसर्जनाला किंवा नुसतं स्नानाला आलं की गुरुजी गाव विचारणार, आडनाव विचारणार, नेमकं कपाट उघडून वही काढणार आणि खड्या आवाजात वाचायला लागणार. तुमचे पणजोबा अमुक साली आले, सोबत दोन भाऊ, येण्याचं कारण मातोश्रींचं श्राद्ध. समोरचा माणूस स्वतःच्या पणजोबांचं नाव पहिल्यांदा ऐकत असायचा. चांगले धट्टेकट्टे गडी तिथे रडताना मी पाहिलेत. मग शेवटी नवी नोंद व्हायची आणि त्याखाली यजमानाची सही.

मी पुण्याहून परत आले ती आप्पांसाठी. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले दोनच शब्द, 'चहा' आणि 'बरं'. आई आधीच गेलेली, भाऊ परदेशात. माझं लग्न झालं होतं, पण ते तोवर कोर्टात संपलं होतं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. माझ्या मॅडमनी तीन महिने घरून काम करायची परवानगी दिली, आणि सांगितलं, "रोजच्या मीटिंगला तू नीट दिसली पाहिजेस, नीट ऐकू आली पाहिजेस. तीन महिन्यांनी ठरवू. नाही जमलं तर पुण्याला यावं लागेल." पुण्याला जायचं म्हणजे आप्पांना कुठल्या तरी वृद्धाश्रमात ठेवायचं. दुसरा मार्ग नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं.

आता आमच्या मजल्यावर मोबाइलला रेंजची एकच कांडी, तीही मर्जी असेल तेव्हा. इंटरनेटची तार इमारतीत शिरायची ती थेट वह्यांच्या खोलीत. "वर माझ्या घरात आणा ना," मी म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "कपाटं हलवावी लागतील. वडिलांच्या हातची आहेत, ती हलायची नाहीत." बरं, मी खाली त्यांच्या खोलीत बसून काम करावं, तर एकदा करून पाहिलं. मी इंग्रजीत बोलतेय आणि मागे गुरुजी कुणाच्या तरी सात पिढ्या वाचतायत. परदेशातल्या क्लायंटनं विचारलं की तुमच्याकडे लग्न आहे का. पुन्हा काही मी तिकडे बसले नाही.

तारेसोबत फुकट मिळालेला राउटर अगदीच पुचाट होता. नवा घ्यायचा ठरवलं आणि रात्रंदिवस नेटवर वाचत सुटले. हजारो लोक पाच तारे देतात, आणि त्याखालचा पहिलाच माणूस म्हणतो, दोन दिवसांत बंद पडला. डोकं भणभणलं. जिन्यात गुरुजी भेटले, तेव्हा मी सहज बोलून गेले.

"दुकानदाराला विचारलंस?" ते म्हणाले.

"तो म्हणतो सगळेच चांगले."

"तो तसंच म्हणणार. दुकानदाराला जन्म माहीत असतो, मरण माहीत नसतं. जी वस्तू घ्यायची तिचं मरण विचारावं. कधी गेली, कशानं गेली. ते आमचं काम. माझ्यावर सोड."

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू होत होता, आणि पितृपक्षात त्यांच्याकडे माणसांची रीघ लागायची.

त्यांनी एक कोरी वही काढली. कुणीही आलं की आधी नेहमीचं सगळं रीतसर करायचे. गाव, आडनाव, पूर्वज, संकल्प, नोंद, सही. मग ही दुसरी वही उघडायची. "आता सांगा, घरी राउटर आहे?" बापाच्या श्राद्धाला आलेला माणूस चमकून बघायचा. पण गुरुजींचा आवाज असा, की वाटावं हाही विधीचाच भाग आहे.

"हाये न महाराज," एक म्हातारे म्हणाले. "पोट्टं घरूनच काम करते."

"कधी आणला? किती शिंगांचा?"

"शिंगं?"

"वर दांडे असतात ते."

"दोन."

"किती वेळा बंद पडला?"

"तो नाही पडत जी. पन लाइन गेली का तो बी गेला. मंग पोट्ट्यानं लहान बॅटरी लावली. आता नाही जात."

हे सगळं मोडीत लिहिलं जायचं. वह्या मोडीत लिहायच्या हा घरचा शिरस्ता, आणि राउटरचीही वहीच, म्हणून तीही मोडीत. मला त्यातलं अक्षर कळत नसे. रात्री जेवणं झाली की ते वर यायचे आणि वाचून दाखवायचे. त्यांनी राउटरच्या जाती पाडल्या होत्या : बिनशिंगी, दोन शिंगी, चार शिंगी. कंपन्यांची नावंही होती, ती मी इथे घेत नाही. मृत्यूची कारणं मात्र अजून आठवतात. एक वीज कडाडली तेव्हा गेला. एकाची तार उंदरानं खाल्ली. एक सुनेनं रागाच्या भरात भिंतीतून उपटला. बरेचसे चार शिंगी उन्हाळ्यात तापून गेलेले.

एकदा मी त्यांना समजावून सांगितलं की चांगल्या राउटरला दोन लहरी असतात. एक लांबवर जाते पण सावकाश, दुसरी वेगवान पण मध्ये भिंत आली की मान टाकते. ते लगेच म्हणाले, "म्हणजे मी आणि आमचा धाकटा भाऊ." काकू पदरात तोंड लपवून हसल्या. धाकट्या भावाची गोष्ट मला कधी कळली नाही.

पितृपक्ष संपला आणि निकाल लागला. दोन शिंगी, काळा, दिसायला अगदी सामान्य. मी लाल दिव्यांच्या चार शिंगीवर जीव टाकून बसले होते, तो त्यांनी एका वाक्यात उडवला. "वेग काय घेऊन बसलीस? टिकतो किती ते बघ. यानं अकोल्यात तीन उन्हाळे काढलेत. याला नाशिकचं काय भय?" त्याच्याबरोबर छोटी बॅटरीही आली. राउटर वह्यांच्या खोलीच्या खिडकीत बसला, आणि खरंच सांगते, पहिला महिना मी काम करताना तो आहे हेही विसरले. मॅडम म्हणाल्या, "आवाज छान येतोय तुझा." मी काकूंना शिरा नेऊन दिला.

आप्पांबद्दल सांगायचं राहिलं. गुरुजी रोज संध्याकाळी वर आले की आधी आप्पांच्या खाटेशी बसायचे. त्यांना आप्पांचं घराणं हवं होतं. आमचं मूळ गाव विंचूरजवळचं. माझ्या वडिलांना आजोबांच्या पलीकडचं सांगता येत असे, पण आता बोलणार कसे? मला तर पणजोबांचं नावही माहीत नव्हतं, आणि याची गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटायची. मग त्यांनी शक्कल लढवली. ते एकेक नाव घ्यायचे. "आप्पासाहेब, गणपत? गोविंद? गंगाराम?" आप्पा छताकडे बघत पडलेले. दुसऱ्या दिवशी 'त'. "तुकाराम? त्र्यंबक?" आणि आप्पा म्हणाले, "बरं."

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "त्र्यंबक! पणजोबा त्र्यंबक!" आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. त्या झटक्यानंतर आप्पा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. असं करत त्यांनी चार पिढ्या काढल्या. महिना लागला.

"मग आता लिहा की आमचं तुमच्या वहीत," मी म्हटलं.

"छे छे! विंचूरकडची घराणी आमच्याकडे नाहीत. ती दुसऱ्या गुरुजींकडे. दुसऱ्याच्या यजमानाला हात लावायचा नाही, हे आम्ही पाळतो. शिवाय..."

"शिवाय काय?"

"मुलींची नावं सासरच्या वहीत जातात."

माझं टाळकं सरकलं. "अस्सं! मग माझं कुठे जाणार? माझं सासर कोर्टात संपलं, गुरुजी. कुठल्या कपाटात ठेवणार मला?"

त्यांनी आप्पांची चादर नीट केली आणि खाली गेले. ज्या माणसाला उत्तर सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं, तो निरुत्तर झाला याचा मला तेव्हा आनंदच झाला. नंतर वाईट वाटलं.

तिसऱ्या महिन्यात राउटर बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. बोलता बोलता आवाज तुटायचा, चित्र थिजायचं, मी मीटिंगमधून नाहीशी व्हायचे. दुपारी तर हमखास. बंद करून चालू केला की तासभर बरा, मग पुन्हा तेच. खालून काकू भिंतीवरचं बटण दाबायच्या, मी वरून ओरडायचे, "आला!", "गेला!" मॅडमनी शुक्रवारी फोन केला. "या आठवड्यात तू तीनदा गायब झालीस. सोमवारी अकरा वाजता क्लायंटसमोर तुझंच सादरीकरण आहे. ते नीट झालं तर मी तुझ्यासाठी कायमचं घरून काम मागून घेते. नाही झालं तर माझ्या हातात काही नाही."

मी फोन ठेवला आणि जिना उतरले. गुरुजी पायरीवर बसून सुपारी कातरत होते. मी त्यांच्यावर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. पण हे बोलले, "मेलेल्यांच्या नोंदी करता तिथवर ठीक आहे हो! इथे जिवंत माणसाचा प्रश्न आहे. तुमच्या त्या वहीवर विसंबले हीच माझी चूक झाली!"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "आप्पासाहेब जेवले का?"

"जेवले," मी म्हटलं आणि ताडताड वर आले. त्या रात्री ते आप्पांकडे आले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

नेटवाल्याला बोलावून बोलावून तो सोमवारी सकाळी साडेनवाला उगवला. सिन्नरचा होता. मी सोबत खाली गेले. वह्यांच्या खोलीत मी सहसा जात नसे, कारण पाय धुवून जावं लागे आणि मला कंटाळा. आत गेले तर खिडकी रिकामी.

"राउटर कुठं हे?" नेटवाल्यानं विचारलं.

गुरुजींनी जानव्याला अडकवलेली किल्ली काढली. तिसरं कपाट उघडलं. खालच्या खणात, वह्यांच्या शेजारी, लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. कपाटाच्या मागच्या भोकातून तारा आत घेतल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली, एक पदर उलगडला, दुसरा उलगडला. आत आमचा राउटर, शिंगं मिटून, अंग भाजेल एवढा तापलेला.

नेटवाला बघतच राहिला. "काका, हा राउटर हे का बाळंतीण?"

"यात्रेकरूंची पोरं त्याची शिंगं पिरगाळत होती," गुरुजी म्हणाले. "धूळही फार. जपून ठेवायची वस्तू. आमच्याकडे जपायचं ते असंच जपतात. तीनशे वर्षांचे कागद टिकलेत या फडक्यांत."

"अहो, कागद टिकतील! याला हवा लागती. आन वर लोखंडाचं कपाट! लोखंडातून नाय जात काका ते, लय अडतं."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. अकोल्याच्या तीन उन्हाळ्यांत जे झालं नाही ते त्यांच्या मायेनं केलं होतं. मला राग यायला हवा होता. शुक्रवारी मॅडम जे बोलल्या त्यानंतर तर हक्कच होता. पण ते फडकं हातात धरून उभे होते.

नेटवाल्यानं राउटर बाहेर काढला. कपाटातल्या तारेचं गुंडाळं सोडलं तर ती जिन्याच्या वळणापर्यंत येत होती, त्यापुढे नाही. तिथून वरच्या खोलीत नेट उत्तम पोचत होतं. पण आणखी एक भानगड निघाली. तार आवळून बांधल्यानं पॉवरची पिन ढिली झाली होती. एका कोनात दाबून धरली तर हिरवा दिवा, सोडली की अंधार.

"बदलून आणतो," नेटवाला म्हणाला. "पन दुपार होईल."

घड्याळात साडेदहा झालेले. चिकटपट्टी लावली, सुतळी लावली, पिनेखाली घडी केलेला कागद सरकवला. दिवा दोन मिनिटं राहायचा आणि जायचा.

गुरुजी पायरीवर बसले. राउटर मांडीवर घेतला, डाव्या हातानं धरला, उजव्या हाताच्या अंगठ्यानं पिन दाबली. दिवा हिरवा झाला. "जा वर," ते म्हणाले.

"गुरुजी, तासभर चालतं ते."

"जा म्हणतो ना."

अकराला सुरू झालं. पहिली पाच मिनिटं माझं लक्ष पडद्यावर कमी आणि जिन्याकडे जास्त. मग कामात बुडाले. प्रश्न आले, उत्तरं दिली, चुकांची यादी दाखवली. मध्येच खालून माणसांचा आवाज आला. कुणीतरी हाक मारत होतं, "महाराज आहेत का? वाशीमहून आलो जी." यजमान. दारात यजमान उभा असताना गुरुजी बसून राहिले असं कुणी पाहिलं नसेल. जेवणाच्या ताटावरून उठून जायचे ते. आता ते उठणार आणि मी इथे थिजणार.

नेट गेलं नाही. काकूंचा आवाज आला, "या, बसा, पाणी घ्या. थोडा वेळ लागेल त्यांना." जो माणूस गॅसवाल्यालाही गाव विचारल्याशिवाय सोडत नव्हता, तो तासभर तोंडातून शब्द न काढता जिन्यात बसला होता. का, तर बोललो आणि हात हलला तर?

बारा वाजून गेले तेव्हा क्लायंट म्हणाला, उत्तम. मॅडमनी मला वेगळा निरोप पाठवला, 'झालं तुझं काम. राहा नाशिकला.' मी आप्पांना मिठी मारली. ते म्हणाले, "चहा." मी धावत खाली गेले.

गुरुजी तसेच बसलेले. घाम कानशिलावरून गळ्यात उतरलेला. अंगठा पांढराफटक पडला होता.

"झालं?"

"झालं गुरुजी. सोडा आता."

"मध्ये पडला का?"

"एकदाही नाही."

त्यांना अंगठा सोडता येईना. मी एकेक बोट उचलून सोडवलं. मला माफी मागायची होती, पण नुसतीच रडायला लागले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं, कठड्याला धरून उठले, आणि खाली वाकून तारस्वरात विचारलं, "हां, मूळ गाव?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून तिसरं कपाट हलवायला माणसं बोलावली. भिंतीला भोक पाडलं आणि तार थेट आमच्या घरात आणली. कपाटाखाली वर्षानुवर्षांची धूळ निघाली. "वडील असते तर मला घराबाहेर काढलं असतं," ते म्हणाले, आणि केरसुणी स्वतः हातात घेतली.

त्यानंतर आप्पा दोन वर्षं होते. मी त्यांच्या खाटेशेजारी टेबल टाकून काम केलं. मीटिंग चालू असली तरी त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर असे. बोलणं काही परत आलं नाही, पण गुरुजींच्या नावांच्या खेळात एकदा त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव स्वच्छ उच्चारलं, आणि मीटिंगमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. गेले तेही दुपारी, मी शेजारी असताना.

त्यांचे विधी रामकुंडावर विंचूरकडच्या गुरुजींनी केले. भला माणूस. त्यांनी वही काढली, त्र्यंबक निघाले, आजोबा निघाले, आप्पा निघाले. मग विचारलं, "मुलगे किती?" मी म्हटलं, "एक. परदेशात असतो." त्यांनी भावाचं नाव लिहिलं आणि वही मिटली. त्यांचं काही चुकलं नाही, पद्धतच तशी. मला रडू आलं, आणि ते आप्पांसाठीच होतं असं सगळ्यांना वाटलं. आमचे गुरुजी मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

गुरुजी गेले त्यालाही आता वर्ष होईल. मी अजून त्याच दुसऱ्या मजल्यावर आहे. परवा काकूंनी मला वह्यांच्या खोलीत बोलावलं. मी पाय धुवून गेले. आता कंटाळा येत नाही. त्या कपाट आवरत होत्या. लाल फडक्यातून त्यांनी ती वही काढली.

"ही राउटरची," त्या म्हणाल्या. "हिचं काय करायचं? तुझ्यामुळे सुरू झाली, तूच ठेव."

मी पानं उलटली. मोडी, सगळं मोडी. प्रत्येक नोंदीखाली यजमानाची सही, काही अंगठे. शेवटच्या पानावर एका नोंदीखाली मात्र जागा कोरी होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुझी," काकू म्हणाल्या. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी त्यांना मोडी शिकवली होती, वह्यांच्या नकला करायला. त्यांनी चष्मा लावला आणि गुरुजींसारख्याच खड्या सुरात वाचायला लागल्या. आधी माझं नाव. नुसतं नाव, आडनाव नाही. मग आप्पा, आजोबा, त्र्यंबक, त्र्यंबकांचे वडील. "मूळ गाव विंचूरजवळ. हल्ली मुक्काम आमचा दुसरा मजला. येण्याचं कारण, वडिलांची सेवा. राउटर दोन शिंगी. एकदा बंद पडला, दोष आमचा. नंतर नाही." त्याखाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती. काकूंनी तीही वाचली. "वडील कैलासवासी झाले. कन्या शेवटपर्यंत जवळ होती."

 मी विचारलं, "मग माझी सही का नाही घेतली? सगळ्यांची तर घेतलीय."

"मी दहादा म्हटलं, वर जा आणि घेऊन या," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, ती आता आडनाव कुठलं लावते ते विचारायचं कसं? अख्ख्या गावाला प्रश्न विचारणारा माणूस, पण तुला विचारायची हिंमत झाली नाही बघ."

त्यांनी खणातून गुरुजींचं शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं. मग आप्पांचं नाव, आणि आप्पांचं आडनाव. काकूंनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.